एका प्रश्नापायी मिशी

चष्मेवाले सलूनमध्ये शिरले तेव्हा त्यांच्यापुढे एकच गिऱ्हाईक होतं आणि मालिका सुरू व्हायला भरपूर वेळ होता. रविवार असल्यामुळे त्यांचं चष्म्यांचं दुकान बंद. बायको बहिणीकडे गेलेली, ती संध्याकाळी येणार. म्हणजे मिशी कोरून घ्यायची, घरी जायचं, फोन बंद करायचा आणि टीव्हीसमोर पाय पसरून बसायचं, इतका सरळ बेत होता. पण त्या एका गिऱ्हाइकाला केस रंगवायचे होते आणि रंग ठरत नव्हता.

"काळा लावा. काळाच शोभेल तुम्हाला," चष्मेवाले न राहवून म्हणाले.

"बायको म्हणते, तपकिरी लावा."

"मग तपकिरी लावा."

"पण मला काळा आवडतो हो."

शेवटी त्या माणसाने रंग न लावता नुसतं डोकं धुऊन घेतलं आणि तो निघून गेला. चष्मेवाले खुर्चीत बसले, गळ्याभोवती कापड गुंडाळलं गेलं आणि भिंतीवरच्या टीव्हीवर ओळखीचं संगीत सुरू झालं. चष्मेवाल्यांचा चेहरा पडला.

"त्यात काय एवढं? इथंच बघा की," सलूनवाला म्हणाला. "तुम्ही मालिका बघा, मी मिशी बघतो. फक्त हलू नका."

"मी कशाला हलतोय?" चष्मेवाले म्हणाले. ते मनापासूनच म्हणाले होते.

मालिका पोलिसांची होती. तिच्यात आतापर्यंत चार खून झाले होते आणि खुनी कोण, यावरून घराघरांत वाद चालले होते. चष्मेवाल्यांना मात्र खुन्याशी काही देणंघेणं नव्हतं. खून झाला की ते पाणी प्यायला उठत. त्यांचा सगळा जीव अडकला होता तो थोरले साहेब आणि धाकटे साहेब या दोघांत. हे दोघं एकाच खोलीत समोरासमोर बसून तपास करत. एके काळी त्यांचं इतकं गूळपीठ होतं, की एकाने वाक्य सुरू करावं आणि दुसऱ्याने संपवावं. मग थोरल्या साहेबांनी एक महत्त्वाचा पुरावा धाकट्यांना न सांगता परस्पर दुसऱ्या तपासनिसाकडे पाठवला. धाकट्यांना ते लागलं. तेव्हापासून दोघांचा अबोला होता आणि सगळा कारभार मधल्या हवालदारामार्फत चालला होता.

"त्यांना सांगा, पंखा कमी करा," थोरले साहेब म्हणत.

हवालदार पंखा कमी करी.

"त्यांना सांगा, केला," धाकटे साहेब म्हणत.

अशा प्रसंगी चष्मेवाले खुर्ची टीव्हीच्या आणखी जवळ ओढत. मध्यंतरी एकदा पाऊस पडत असताना थोरल्या साहेबांनी स्वतःची छत्री धाकट्यांच्या खुर्चीला गुपचूप अडकवून ठेवली आणि स्वतः भिजत घरी गेले. त्या भागानंतर आठवडाभर चष्मेवाल्यांना दुसरं काही सुचत नव्हतं. डोळे तपासताना एका गिऱ्हाइकाला "खालची ओळ वाचा" म्हणायच्या ऐवजी ते म्हणाले होते, "छत्री ठेवली हो त्यांनी!" गिऱ्हाईक बिचारं पाटीवर छत्री शोधत बसलं.

आणि आज थोरले साहेब इस्पितळात होते. खुन्याचा पाठलाग करताना जिन्यावरून पडले होते. खाटेवर पाय टांगलेला. दारात धाकटे साहेब. दाढी वाढलेली, डोळे लाल. हवालदार मुद्दाम खोलीबाहेर गेलेला. सलूनमध्ये मशीनची बारीक घरघर चालली होती, ती चष्मेवाल्यांच्या डाव्या गालाकडून नाकाखाली सरकत होती. थोरल्या साहेबांनी मान वळवली. कितीतरी वेळ ते खिडकीबाहेर बघत राहिले. मग खिडकीकडेच बघत म्हणाले,

"जेवलास का?"

"विचारलं!" चष्मेवाले ताडकन उभे राहिले. "विचारलं एकदाचं! त्यांनी आपल्या तोंडानं विचारलं!"

मशीन गप्प झालं. सलूनवाल्याचा हात हवेत तसाच राहिला. कापडावर काळ्यापांढऱ्या केसांचा एक भलामोठा झुपका पडला होता, आणि तो कोरलेल्या मिशीचा नव्हता. सबंध अर्ध्या मिशीचा होता.

"मालक," सलूनवाल्याचा आवाज रडवेला झाला, "मी म्हटलं होतं, हलू नका."

"अहो, मिशीचं काय घेऊन बसलात! तुम्ही ऐकलंत का? जेवलास का, म्हणाले ते!"

"ऐकलं हो. पण डावी बाजू गेली."

"जाऊ दे. धाकटे रडले, बघितलंत? नुसते दाराला टेकले आणि रडले."

सलूनवाल्याने उरलेल्या अर्ध्या मिशीचं काही होतंय का, ते खालून, वरून आणि बाजूने बघितलं. ती बारीक केली तर भुवई घसरून खाली आल्यासारखी दिसली. आणखी बारीक केली तर काहीतरी चिकटल्यासारखी दिसली. अखेर दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि सलूनवाल्याने डोळे मिटून मशीन फिरवलं. भाग संपला, जाहिराती लागल्या आणि चष्मेवाले आनंदाच्या भरात आरशाकडे वळले.

आरशात त्यांचा दादा बसला होता.

दादा त्यांच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. लहानपणी दोघं इतके सारखे दिसत, की शाळेत एकाच्या खोडीची शिक्षा दुसरा भोगून येई. या घोटाळ्याला कंटाळूनच धाकट्याने ओठावर पहिली लव आली तशी ती राखली, वाढवली, पिळदार केली आणि पुन्हा कधी उतरवली नाही. दादा लिफ्ट दुरुस्त करायच्या कामाला लागला, याने चष्म्यांचं दुकान काढलं. सगळं छान चाललं होतं. आणि तीन वर्षांपूर्वी एक दिवस भर रस्त्यात चष्मेवाल्यांना समोरून दादा येताना दिसला. त्याच्या नाकावर चष्मा होता. तो चष्मा यांच्या दुकानातला नव्हता.

सख्खा भाऊ चष्म्याचं दुकान थाटून बसलेला असताना दादाने दुसऱ्याकडून चष्मा करून घेतला होता! बरं, चोरी पकडली गेल्यावर माणूस निदान थांबतो, ओशाळतो. दादा यांच्याकडे सरळ बघत, कोरड्या चेहऱ्याने रस्त्याच्या पलीकडूनच निघून गेला. ओळखसुद्धा दाखवली नाही. त्या दिवसापासून चष्मेवाल्यांनी दादाचं नाव टाकलं होतं. आणि आता तोच दादा, यांचा चष्मा लावून, आरशातून त्यांच्याकडे टकामका बघत होता.

"काढलीत ते बरं झालं. तरुण दिसताय," सलूनवाला चाचरत म्हणाला.

चष्मेवाले खुर्चीतून उठले. त्यांनी तोंडाला रुमाल लावला आणि ते बाहेर पडले. ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून मोठा रस्ता सोडून ते मागच्या गल्लीत शिरले. त्या गल्लीत दोन्ही बाजूंना उंच इमारती होत्या आणि त्यांतल्या झाडून सगळ्या लिफ्ट दादाच्या देखरेखीखाली होत्या, हे त्यांच्या लक्षात यायला उशीर झाला.

"अहो लिफ्टवाले! लिफ्टवाले, थांबा ना!"

एक बाई हातात कोरफडीची कुंडी घेऊन फाटकातून धावत आल्या. चष्मेवाल्यांनी बाईंना नाही, पण त्यांच्या नाकावरच्या जांभळ्या फ्रेमला ओळखलं. ती त्यांनीच मागच्या महिन्यात बसवून दिली होती.

"किती दिवस तुम्हाला शोधतेय! त्या दिवशी आई लिफ्टमध्ये अडकली तेव्हा तुम्ही दाराबाहेर फतकल मारून तिच्याशी गप्पा मारत बसलात. बाहेर काढल्यावर ती म्हणाली, एवढ्यात कशाला काढलंत? ही घ्या कुंडी. तिनं स्वतः लावलीय तुमच्यासाठी."

"नाही हो, ते मी काही केलेलं नाही," चष्मेवाले रुमालाआडून म्हणाले.

"आई म्हणालीच होती, ते असंच म्हणणार! कधी श्रेय घेतील तर शपथ." बाईंनी कुंडी त्यांच्या हातात कोंबली. कुंडी धरायला दोन्ही हात लागले, त्यामुळे रुमाल खिशात गेला.

"अहो, खरंच मी तो माणूस नाही."

"आणि आवाज बसलाय तुमचा. वाफ घ्या," असं म्हणून बाई गेल्यासुद्धा.

दहा पावलांवर त्यांचं आणखी एक गिऱ्हाईक, शाळेतले गणिताचे सर, उभे होते. जाड काचा, सोनेरी काडी, डाव्या कानामागे किंचित सैल. काडी तेवढी घट्ट करून द्यायला हवी, असं चष्मेवाल्यांच्या मनात आलं. सरांच्या शेजारी भिंतीला एक शिडी टेकवलेली होती.

"बरं झालं भेटलात! तुमची शिडी घेऊन तुमच्याकडेच निघालो होतो. पण गुडघे कुरकुर करतायत."

"सर, ही शिडी माझी नाही."

"झालं! परवासुद्धा हेच म्हणालात. ‘सर, शिडी माझी नाही, तुमचीच समजा.’ असं कुठं असतं का? धरा." सरांनी शिडी त्यांच्या खांद्यावर चढवून दिली, तोल सांभाळला आणि मग ते जवळ सरकून हळू आवाजात म्हणाले, "आणि हो. तुमच्या भावाकडं जाऊन आलो बरं का."

चष्मेवाले जागच्या जागी थबकले. "कुणाच्या भावाकडं?"

"तुमच्या! तुम्हीच नाही का पाठवलंत? ‘सर, लिफ्टमधलं बटण दिसत नाही म्हणून लिफ्टला नावं ठेवू नका, माझ्या भावाकडं जाऊन चष्मा करा, त्याच्यासारखा माणूस गावात नाही.’ करून आणला. झकास आहे चष्मा. या इमारतीतल्या सगळ्यांना तुम्हीच तिकडं धाडलंय म्हणे."

"सगळ्यांना?" चष्मेवाल्यांचा आवाज आता खरोखरच बसला.

"सगळ्यांना. फक्त एक सांगू का? राग मानू नका. माणूस कामाला चोख आहे, पण जरा तिरसट वाटला हो. मिशीला पीळ देत देत बोलतो."

"मनानं वाईट नाहीये तो," चष्मेवाले म्हणाले.

"हेच! अगदी हेच वाक्य तुम्ही त्या दिवशी म्हणालात!" सरांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली, शिडी गर्रकन फिरली आणि शेजारी उभ्या असलेल्या टॅक्सीच्या टपावर आदळली.

टॅक्सीतून एक गृहस्थ उतरले. चष्मेवाल्यांना वाटलं, आता भांडण. पण गृहस्थांचा चेहरा उजळला. त्यांनी टॅक्सीत हात घातला आणि एक पिंजरा बाहेर काढला. पिंजऱ्यात पोपट होता.

"आम्ही पोपट सोडायला तुमच्याच घरी निघालो होतो, आणि तुम्ही इथंच भेटलात! गाडी चुकणार होती हो आमची. तुम्ही नसतात तर याला आठ दिवस कोण सांभाळणार होतं? उपकार झाले. मिरच्या खातो, आंघोळीला पाणी लागतं, आणि कुणी पाहुणा आला तर जरा झाकून ठेवा." पिंजरा शिडीच्या टोकाला अडकवून ते टॅक्सीत बसले. टॅक्सीच्या खिडकीतून त्यांच्या बायकोने हात जोडले आणि टॅक्सी गेली.

"वर की खाली?" पोपटाने विचारलं.

चष्मेवाल्यांनी क्षणभर विचार केला. कुंडी घरी ठेवता आली असती. शिडीही कुठेतरी टेकवता आली असती. पण दुसऱ्याचा जिता जीव घेऊन जायचं कुठे? आणि खरं सांगायचं तर, त्यांचा एरवीचा राग त्या वेळी काही केल्या सापडत नव्हता. तीन वर्षं दुकानात रोज नवी माणसं येत होती आणि ते स्वतःच्याच हातावर खूश होत होते. आपला हात चांगला म्हणून माणसं येतात, असं त्यांनी बायकोला कितीदा तरी सांगितलं होतं.

ते दादाच्या घराकडे वळले. दादाच्या इमारतीत शिरल्यावर लिफ्टच्या दारावर पाटी दिसली: ‘लिफ्ट बंद आहे.’ चष्मेवाल्यांनी एक उसासा सोडला आणि जिना चढायला सुरुवात केली. शिडी प्रत्येक वळणावर अडत होती. कुंडीतली माती बुटात सांडत होती. पोपट प्रत्येक मजल्यावर "वर की खाली?" विचारत होता आणि "वर!" असं उत्तर मिळेपर्यंत ओरडत होता. दुसऱ्या मजल्यावर चष्मेवाल्यांनी उत्तर द्यायला उशीर केला, तेव्हा पोपटाने पिंजऱ्यातून चोच काढून त्यांच्या शर्टाची बाही खांद्यापासून टराटरा फाडली.

दार वहिनीने उघडलं. चष्मेवाले श्वास रोखून उभे राहिले. आतापर्यंतच्या अनुभवावरून वहिनी काय म्हणेल ते त्यांना ठाऊक होतं.

"भावोजी!" वहिनी म्हणाली. "मिशी कुठं गेली?"

चष्मेवाल्यांचे डोळे एकदम भरून आले. "तुम्ही ओळखलंत?"

"न ओळखायला काय झालं? हे जिना चढताना धापा टाकतात. तुम्ही भांडत भांडत वर येता. पहिल्या मजल्यापासून ऐकतेय मी." तिने पिंजरा उतरवून घेतला, शिडी बाहेर टेकवली, फाटकी बाही बघितली आणि आत जाऊन दादाचा कामावरचा निळा शर्ट आणून दिला. तीन वर्षं कुठे होतात, वगैरे तिने काही विचारलं नाही. "घाला हा. आणि आत या. आत जे काय बसलंय ते सकाळपासून सुतकी चेहरा करून बसलंय. आत्ता ती मालिका संपल्यावर तर रडलेसुद्धा."

आत दादा टीव्हीसमोर बसला होता. नाकावर तोच चष्मा. दारातून आपणच आत आलो असं वाटून तो दचकला, मग त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग दोघांनीही दोन वेगवेगळ्या भिंतींकडे बघितलं.

"त्याला सांग, खुर्चीत बस," दादा वहिनीला म्हणाला.

"त्यांना सांगा, बसतो," चष्मेवाले म्हणाले.

"त्याला विचार, चहा घेणार का."

वहिनीने कमरेवर हात ठेवले. "मी हवालदार नाहीये. तुमचं तुम्ही बघा." आणि ती स्वयंपाकघरात गेली.

 मग चष्मेवाले भिंतीकडे बघत म्हणाले, "आजचा भाग बघितलास?"

"बघितला."

"बोलले शेवटी थोरले."

"बोलले. पण मला विचारशील तर धाकट्यानंच आधी यायला हवं होतं. तो पडल्यावर कशाला?"

"का म्हणून?" चष्मेवाले उसळले. "चूक कुणाची? पुरावा परस्पर दुसऱ्याकडं कुणी पाठवला? खोलीत आपला माणूस बसलेला असताना!"

"त्याला काही कारण असेल."

"असं काय कारण असणार?"

"लाज वाटली असेल." दादा आता भिंतीऐवजी जमिनीकडे बघत होता. "थोरल्याला लाज वाटत नाही का? धाकट्यानं एवढ्या मायेनं वस्तू करून द्यायची आणि ती याच्या हातून तुटायची. एकदा लिफ्टच्या दारात सापडून तुटली. एकदा खाली खड्ड्यात पडली. एकदा तर हा तिच्यावर बसला. तिसऱ्या वेळी धाकटा सगळ्या गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, ‘दादा, तुला आता लोखंडाची फ्रेम करून देतो.’ सगळे हसले. मग चौथ्यांदा तुटल्यावर थोरल्यानं कुठल्या तोंडानं जायचं?"

"पण मालिकेत गिऱ्हाइकं कुठं आली?" वहिनीने आतून विचारलं.

दोघांनीही तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

"चौथ्यांदा तुटली होती?" चष्मेवाल्यांचा आवाज खाली आला. "मग तसं सांगायचं ना. धाकटा बोलतो फटकळ, पण त्यानं पाचव्यांदाही करून दिली असती. आणि बरं, तेही सोड. रस्त्यात समोर आल्यावर ओळखसुद्धा दाखवायची नाही?"

"कुठल्या रस्त्यात?"

"मोठ्या रस्त्यात! मी समोर उभा, तू माझ्याकडं बघत बघत निघून गेलास!"

"मी? तुझ्याकडं?" दादा खरोखरच गोंधळला. "कधी?"

चष्मेवाले उठले. त्यांनी दोन बोटांनी दादाच्या नाकावरचा चष्मा उचलला, उजेडाकडे धरला, एक डोळा मिटून बघितला, चष्मा हातभर लांब नेला, जवळ आणला. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"दादा, हा कुणी करून दिला तुला?"

"तो बाजारातला. का?"

"नंबर साफ चुकलाय. हा घालून तुला रस्त्यापलीकडचा माणूस म्हणजे नुसता खांब दिसत असणार. तीन वर्षं हा घालून तू लिफ्ट दुरुस्त करतोयस?"

"लिफ्टचं सगळं हाताला माहीत आहे रे," दादा म्हणाला. "पण माणसं धूसर दिसतात खरी. मला वाटलं, वयामुळं असेल."

"वयामुळं!" चष्मेवाल्यांना हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही आवरेना. "तीन वर्षं मी एका चुकीच्या नंबरावर रागावलो होतो."

"आणि मला वाटलं, मी दुसरीकडून चष्मा केला म्हणून तू यायचा बंद झालास."

"तेही होतंच!"

"मग बरोबर आहे," दादा म्हणाला, आणि दोघंही इतके हसले की पोपट घाबरून पिंजऱ्याच्या कोपऱ्यात गेला. वहिनी चहा घेऊन आली तेव्हा दोघं पुन्हा भांडत होते. पण आता थोरल्या साहेबांना किती दिवस इस्पितळात ठेवायला हवं, यावर भांडत होते.

चहा झाला. कुंडीला खिडकीत जागा मिळाली. बाहेर दिवस कलायला लागला तशी चष्मेवाल्यांना आपल्या बायकोची आठवण झाली आणि त्यांचा हात ओठावर गेला. बायकोने त्यांना लग्नात बघितलं ते मिशीसकट. मिशीशिवाय त्यांचा फोटोसुद्धा तिने बघितला नव्हता.

"काय म्हणेल ती आता?"

"मी येतो बरोबर," दादा म्हणाला. "मी समजावतो तिला. आणि वाटेत तुझं दुकान उघड, माझा नंबर काढ. हा चष्मा काही मी आता घालत नाही."

त्याप्रमाणे दुकान उघडून नंबर काढला गेला. दादाने खालची ओळ एकही अक्षर न चुकता वाचली तेव्हा चष्मेवाल्यांना परीक्षेत पहिला नंबर आल्याचा आनंद झाला. काचा उद्या मिळणार होत्या. तोवर बिनचष्म्याचा दादा एका हाताने धाकट्याचा खांदा धरून चालत होता. घराच्या जिन्यात मात्र त्याला धाप लागली. "तू हो पुढं," तो म्हणाला आणि वळणावर कठडा धरून उभा राहिला.

चष्मेवाल्यांनी घंटा वाजवली. दार उघडलं. जिन्यातला दिवा अजून लागला नव्हता. बायकोने दारातल्या माणसाकडे बघितलं. बिनमिशीचा चेहरा बघितला, निळा शर्ट बघितला आणि तिचे दोन्ही हात तोंडावर गेले.

"मोठे भाऊजी!"

चष्मेवाल्यांनी तोंड उघडलं, पण त्यांना बोलायला सवड मिळाली नाही.

"तुम्ही आलात! बाई गं, कसे आभार मानू तुमचे? या ना आत. हे घरी नाहीयेत, येतीलच एवढ्यात. आले की पहिल्यांदा काहीतरी वेडंवाकडं बोलतील, मनावर घेऊ नका. तोंडानंच तसे आहेत ते. दुकानात नवा माल आला की त्यातली सगळ्यात मजबूत फ्रेम बाजूला काढून ठेवतात. मी विचारलं, कुणासाठी? तर म्हणतात, कुणासाठी नाही, नमुना आहे. तीन वर्षांत कपाटाचा अख्खा कप्पा भरलाय नमुन्यांनी. सगळे तुमच्या मापाचे."

चष्मेवाल्यांचे कान तापले. "अगं, मी..."

"आणि ती मालिका! लोक खुनी कोण ते बघतात. हे ते दोघं साहेब बोलतात का ते बघतात. मधे त्या साहेबांनी छत्री ठेवली तर हे आठवडाभर नीट जेवले नाहीत. मी म्हटलं, अहो, उठा आणि जा ना दादांकडं. तर उठून पाणी प्यायला गेले. आज बहिणीकडं तो भाग बघितला आणि म्हटलं, आता तरी जातील. आणि बघा, तुम्हीच आलात. मोठ्या मनाचे आहात हो तुम्ही."

जिन्याच्या वळणावर कोणीतरी जोरात नाक शिंकरलं. मग सावकाश, एकेक पायरी चाचपत, दुसरा एक बिनमिशीचा माणूस वर आला आणि पहिल्याच्या शेजारी उभा राहिला. बायकोने एकाकडे बघितलं. दुसऱ्याकडे बघितलं. तिचा हात दाराच्या कडीवर घट्ट झाला.

"अगं पोरी, घाबरू नकोस," दुसरा म्हणाला. "मोठा मी आहे. हा तुझाच आहे."

बायको दोन पावलं पुढे आली. तिने आपल्या नवऱ्याचा चेहरा हनुवटीला धरून उजेडाकडे वळवला. नाकाखालची ती कोरी, गोरी, आयुष्यात ऊन न बघितलेली जागा तिने नीट न्याहाळली. आपल्याला आता काय ऐकावं लागणार, या विचाराने चष्मेवाल्यांनी डोळे मिटून घेतले.

"एवढं सगळं मी तुम्हाला सांगितलं होय?" ती म्हणाली.

"हो," चष्मेवाले म्हणाले.

"मग तुम्ही जरा बाहेरच थांबा. माझं मोठ्या भाऊजींशी बोलणं अजून व्हायचंय."

तिने दादाला हाताला धरून आत नेलं, खुर्चीवर बसवलं आणि पुन्हा पहिल्या वाक्यापासून सगळं सांगायला सुरुवात केली. चष्मेवाले दारातच उभे राहिले. आतून कपाट उघडल्याचा आवाज आला, मग एकामागून एक चष्म्यांच्या डब्या टेबलावर मांडल्याचा, आणि मग दादाचा आवाज, "अरे बापरे, एवढ्या?"

शेजारच्या काकू जिना चढून वर आल्या. "काय हो लिफ्टवाले, दारात का उभे? आत घेत नाहीत का तुमचे भाऊ?"

"घेतलं हो काकू," चष्मेवाले म्हणाले. "चांगलं आत घेतलंय."